हक्कसोडपत्रावर आक्काचा अंगठा

मालदांडी

आमच्या थोरल्या आक्काची गोष्ट आहे. तिला विचारूनच लिहितेय. गाव अक्कलकोट तालुक्यातलं, नाव देत नाही.

एप्रिल २०२१ मध्ये दादा, म्हणजे आमचे वडील, कोरोनात गेले. जमीन दहा एकर, आजोबांपासून चालत आलेली. विहिरीखाली चार एकर, बाकी सगळी ज्वारीची. मागे आई, दोन भाऊ, आक्का आणि मी. त्याच साली श्रावणात भाऊ आक्काला तिच्या सासरहून जीपनं तालुक्याला घेऊन गेले. "वारस नोंद करायची आहे, सगळ्यांचे अंगठे लागतात," एवढंच सांगितलं. माझ्या यजमानांचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून मी गेले नाही.

आक्का सांगते, "काचेपलीकडं एक पोरगा बसला होता. मावशी इकडं बघा म्हणाला, फोटो काढला. मग एका डबीवर अंगठा दाबायला लावला, तिच्यातनं लाल उजेड आला. मग कागदावर. पानं उलटत होते आणि मी दाबत होते." किती पानं होती ते तिला सांगता येत नाही. "शाई सुकून अंगठा पुसट उठायला लागला, एवढी होती," म्हणाली. परतताना थोरल्यानं तिला इरकल साडी घेतली. त्या साडीची घडी तिनं अजून मोडलेली नाही.

२०२४ च्या दिवाळीत महामार्गाच्या भूसंपादनाची नोटीस आली. तिच्यात आई, दोघे भाऊ आणि मी. आक्काचं नाव कुठंच नाही. मी दस्ताची नक्कल काढली. वर लिहिलंय 'हक्कसोडपत्र'. आत लिहिलंय की बहिणीने "स्वखुशीने व भावांवरील प्रेमापोटी, विनामोबदला" आपला संपूर्ण हिस्सा सोडला आहे. आक्काला वाचून दाखवलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मी असं कुठं म्हणलं?"

भाऊ म्हणतात, तिचं लग्न १९८९ चं, तिला तसाही हक्क नाही, कागद नुसता पक्केपणासाठी केला. गावात चौकशी केली तिथंही हेच ऐकलं. जाणकारांना तीन गोष्टी विचारते. आक्काला हक्क होता का? नोंदवलेला दस्त फिरवता येतो का? आणि जमिनीचे पैसे भावांच्या खात्यात पडायच्या आत काही करता येईल का? पोलिसात जायचं नाही. आई अजून आहे.

भीमाकाठ

ताई, मी सोलापूर कोर्टात बावीस वर्षं वकिली करतोय. अशा दस्तांचे दावे वर्षाला दहा-बारा तरी माझ्यासमोर येतात, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी १९८९ चं बघू. ही समजूत हवेतून आलेली नाही. महाराष्ट्रानं केंद्राच्या आधी, २२ जून १९९४ पासून, मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानं हक्क दिला. पण त्यात अट होती, त्या तारखेआधी लग्न झालेल्या मुलींना तो नाही. गावोगावी लोकांच्या डोक्यात तीच अट बसून राहिली. पुढं ९ सप्टेंबर २००५ ला केंद्रानं हिंदू उत्तराधिकार कायद्याचं कलम ६ बदललं आणि मुलगी मुलासारखीच सहदायाद, म्हणजे जन्मापासूनची हिस्सेदार, झाली. त्यात लग्नाची अटच नाही. मग वाद निघाला की त्या दिवशी वडील हयात असायला हवेत का. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं 'हवेत' म्हटलं होतं. ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या खटल्यात तीन न्यायमूर्तींनी ते बाजूला सारलं. हक्क जन्मानं आहे, वडील कधी वारले याला महत्त्व नाही. २० डिसेंबर २००४ च्या आधी झालेलं वाटप किंवा विक्री मात्र त्यामुळे उघडत नाही. तुमच्याकडं तर वडीलच २०२१ ला गेले. आक्काचा हक्क होता. त्यात शंका धरू नका.

किती होता ते मांडतो. वाटप धरलं तर वडील, आई आणि चार मुलं, प्रत्येकी एक षष्ठांश. वडिलांचा षष्ठांश पुन्हा आई आणि चार मुलांत पाच ठिकाणी. एक षष्ठांश अधिक एक तिसांश म्हणजे एक पंचमांश. दहा एकरांत दोन एकर. दोन एकर, ताई. एका जीपच्या फेरीत गेले.

आता दस्त. हक्कसोडपत्र नोंदवलेलं असलं तरी ते फसवणुकीनं घेतलं असेल तर दिवाणी कोर्ट ते रद्द करू शकतं, विशिष्ट अनुतोष कायदा १९६३, कलम ३१. निंगव्वा विरुद्ध बायरप्पा हा १९६८ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आम्ही सगळे वापरतो. त्यात एक मोठा फरक सांगितला आहे. कागदात काय लिहिलंय याबद्दल फसवलं तर तो दस्त रद्द करून घ्यावा लागतो. पण कागद मुळात कशाचा आहे याबद्दलच फसवलं, म्हणजे वारस नोंद सांगून हक्कसोड घेतलं, तर तो पहिल्यापासूनच पोकळ. तुमची केस मला दुसऱ्या प्रकारातली दिसते. तरीही मुदतीच्या बाबतीत या फरकावर विसंबू नका. मुदत तीन वर्षं, फसवणूक कळली त्या दिवसापासून. आक्काला २०२४ च्या दिवाळीत कळलं, तर २०२७ च्या दिवाळीआधी दावा दाखल व्हायला हवा. समोरचा वकील 'तिला २०२१ पासूनच माहीत होतं' म्हणणारच. म्हणून नोटीस कधी आली, नक्कल कोणत्या तारखेला मिळाली, कोणासमोर वाचली, हे आजच एका वहीत लिहून ठेवा.

जुना_सजा

मी एकतीस वर्षं तलाठी होतो. आता त्या पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी झालंय, माझ्या तोंडात तलाठीच आहे. वकीलसाहेबांनी कायदा सांगितला, मी कचेरीतला कारभार सांगतो.

वारस नोंदीसाठी दुय्यम निबंधकाकडं, म्हणजे दस्त नोंदवणाऱ्या अधिकाऱ्याकडं, जावं लागत नाही. हे वाक्य प्रत्येक बहिणीला तोंडपाठ पाहिजे. वारस नोंदीला मृत्यूचा दाखला लागतो आणि सगळ्या वारसांची नावं असलेला अर्ज व प्रतिज्ञापत्र लागतं. तो अर्ज तलाठ्याकडं किंवा ई-हक्क प्रणालीवर जातो. वारसा प्रकरण गाव नमुना ६-क मध्ये चढतं, त्यावरून नमुना ६ ला फेरफार, म्हणजे नोंदीतला बदल, पडतो, मंडळ अधिकारी तो मंजूर करतो आणि मग सातबाऱ्यावर नावं येतात. यात कुठंही फोटो नाही, लाल उजेडाची डबी नाही. तुम्हाला कॅमेऱ्यासमोर बसवलं म्हणजे तुम्ही काहीतरी देताय. तिथंच उठायचं आणि विचारायचं, हा दस्त कसला?

दुसरं. फेरफार धरला की हितसंबंधितांना नोटीस काढावी लागते आणि हरकतीला पंधरा दिवस मिळतात. कागदावर सगळं नीट आहे. पण नोटीस कुठल्या पत्त्यावर जाते? गावच्या. बहीण नांदते दुसऱ्या तालुक्यात. नोटीस भावाच्या घरात येते, भाऊच पोच देतो. माझ्या हातूनही अशा पोचा घेतल्या गेल्या आहेत. त्या काळात मी खोलात गेलो नाही, हे मला आजही खुपतं. आता 'आपली चावडी' या सरकारी संकेतस्थळावर फेरफाराच्या नोटिसा दिसतात. जिल्हा, तालुका, गाव निवडलं की झालं. माहेरच्या गावचं पान महिन्यातून एकदा उघडत जा.

आणि एक जुनी सवय: बहिणींची नावं भोगवटादारात, म्हणजे मालकांच्या रकान्यात, न घालता 'इतर हक्क' या रकान्यात सारतात. तेवढ्यानं हिस्सा जात नाही. पण वाचणाऱ्याला वाटतं बहीण पाहुणी आहे.

मालदांडी

जुना_सजा, तुमचं शेवटचं वाचून सातबारा काढला. माझं नाव 'इतर हक्क' मध्येच आहे. चार वर्षं मला माहीत नव्हतं.

दगडी_वाडा

मी भाऊ आहे. माझ्या दोन बहिणींनी हक्क सोडलाय, राजीखुशीनं, मी फसवलेलं नाही. तरी हा धागा वाचून झोप लागली नाही म्हणून लिहितोय.

तुम्ही सगळे दोन एकर दोन एकर म्हणताय. २०१६ ला विहिरीचं पाणी गेलं तेव्हा टँकरनं डाळिंब जगवलं ते मी. आईचं डायलिसिस, आठवड्यातनं दोनदा सोलापूर, ते मी. सोसायटीचं कर्ज माझ्या डोक्यावर. बहिणी सणाला येतात, पुरणपोळी खाऊन जातात. हिस्सा बरोबरीचा, मग भार बरोबरीचा का नाही? मला खरंच उत्तर हवंय.

भीमाकाठ

दगडी_वाडा, तुमचा प्रश्न रास्त आहे आणि कायद्यानं तो बाजूला टाकलेला नाही. ज्या कलम ६ नं मुलीला मुलाइतका हक्क दिला, त्यातच लिहिलंय की त्या मिळकतीवरची देणीही तिला मुलासारखीच लागू. जमिनीसाठी काढलेलं सोसायटीचं कर्ज वाटपाच्या दाव्यात सगळ्यांच्या हिश्शावर मांडता येतं. तुम्ही स्वतःच्या पैशानं बोअर मारलं, पाइपलाइन केली, तर ते पावत्यांसह कोर्टापुढं ठेवा. वाटप करताना सुधारलेला तुकडा ज्यानं सुधारला त्याला देता येतो.

आईच्या आजारपणाचा हिशेब मात्र जमिनीत बसत नाही. तो बहिणींशी बोलून करायचा असतो. आणि बहिणीनं हक्क सोडणं यात बेकायदेशीर काही नाही. तिनं समजून सोडला, दस्त तिला तिच्या भाषेत वाचून दाखवला, तर तो पक्का. आपल्या भागात बऱ्याच बायकांची घरची भाषा कन्नड किंवा तेलुगू असते आणि दस्त मराठीत असतो, हेही लक्षात घ्या.

मालदांडी

दगडी_वाडादादा, मनापासून सांगते. आमच्या भावांनी जीपमध्ये बसवताना आक्काला खरं सांगितलं असतं, "आक्के, कर्ज आहे, तुझा हिस्सा सोडशील का," तर तिनं सोडला असता. तिच्या सासरी पंधरा एकर आहे, तिला जमिनीची भूक नाही. तिनं दादांना शेवटी पाहिलंसुद्धा नव्हतं, दवाखान्यातून परस्पर नेलं होतं. त्यानंतर चार महिन्यांनी तिच्याकडून हे घेतलं. तिला ते लागलंय.

गड्डायात्री

आम्ही लिंगायत. घरात कायम सांगतात की आपला धर्म वेगळा, हा कायदा आपल्याला नाही. शिवाय माझ्या लग्नात, १९९८ ला, वडिलांनी शंभराच्या स्टॅम्पवर लिहून घेतलंय की हुंडा-मानपान मिळालं, आता जमिनीत आणि घरात काही मागणार नाही. नोटरीचा शिक्का आहे. वडील गेल्या वर्षी लिंगैक्य झाले. भाऊ तोच कागद दाखवतो.

भीमाकाठ

धर्म वेगळा की नाही हा मोठा विषय आहे, मी त्यात पडत नाही. पण हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ चं कलम २ उघडून बघा. कायदा कोणाला लागू ते सांगताना त्यात 'वीरशैव, लिंगायत' हे शब्दच लिहिलेत. तुम्हाला लागू आहे.

तो कागद दोन ठिकाणी फाटतो. एक, स्थावरातला हक्क सोडायचा तर दस्त नोंदवावा लागतो, नोंदणी कायदा १९०८, कलम १७. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. दोन, वडिलांनी स्वतः कमावलेल्या घरात ते जिवंत असताना तुमचा हक्कच नव्हता, नुसती वारस होण्याची आशा होती. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ६ प्रमाणे अशी आशा कोणाला देता येत नाही. स्वकष्टाच्या घराचं मृत्युपत्र वडिलांनी केलं होतं का, ते मात्र विचारा. दोन साक्षीदारांसमोर नीट झालं असेल तर घर त्याप्रमाणे जाईल.

विजापूर_वेस

आम्ही मुस्लिम. आमच्यात मुलीचा हिस्सा मुलाच्या निम्मा, पण ठरलेला. मृत्युपत्र करूनसुद्धा एक तृतीयांशाच्या वर बाहेर देता येत नाही. तरी माझ्या खालांनी, म्हणजे मावशींनी, असाच अंगठा दिला होता, त्यांचे वालिद हयात असतानाच. वीस हजार रुपये घेतले होते. तो चालतो का?

भीमाकाठ

वडील हयात असताना सोडलेला हिस्सा मुस्लिम कायद्यातही सोडला असं होत नाही. पण १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गुलाम अब्बासच्या खटल्यात सांगितलं की त्या बदल्यात मोबदला घेऊन नंतर हिस्सा मागणाऱ्याला त्याच्याच वागण्यानं अडवता येतं. म्हणजे तुमच्या खालांचे वीस हजार इथं महत्त्वाचे. कशाबद्दल दिले होते, कुठं लिहिलंय, ते आधी शोधा.

कुंभारीकर

जमीन नाही, घराचा प्रश्न आहे. आई विडी वळायची. कुंभारीला विडी कामगार बायकांची दहा हजार घरं झाली, २००६ च्या सप्टेंबरात पंतप्रधान मनमोहन सिंग आले होते किल्ल्या द्यायला, त्यातलं एक आईचं. घर तिच्याच नावावर. रोज हजार विडी वळून तिनं हप्ते फेडले, पानं कापून कापून बोटाची कातडी गेलेली. पाच वर्षांपूर्वी वारली. वडील आधीच गेलेले. सोसायटीत नॉमिनी भाऊ. तो म्हणतो, नॉमिनी म्हणजे मालक. मी पण तिच्या मांडीशी बसून सूत गुंडाळलंय विडीला.

भीमाकाठ

नॉमिनी मालक नसतो. तो बाकीच्या वारसांसाठी सांभाळणारा असतो. सर्वोच्च न्यायालयानं १४ डिसेंबर २०२३ ला शेअर व म्युच्युअल फंडांच्या बाबतीत हेच म्हटलं. आईनं मृत्युपत्र केलेलं नसेल तर तिची मिळकत कलम १५ प्रमाणे मुलगे, मुली आणि नवरा यांना सारखी. भाऊ एकच असेल तर अर्धं घर तुमचं आहे. सोसायटीला आत्ताच लेखी अर्ज द्या की मी वारस आहे, माझ्या संमतीशिवाय भाग हस्तांतरित करू नये. पोच घ्या.

मालदांडीताई, तुमचा तिसरा प्रश्न राहिला होता. राष्ट्रीय महामार्ग कायदा १९५६, कलम ३-ह. मोबदला कोणाला किती यावर वाद असेल तर सक्षम प्राधिकाऱ्यानं तो वाद दिवाणी न्यायालयाकडं पाठवायचा असतो. पण वाद आहे हे त्यांना कळायला तर हवं. आक्काच्या सहीनं हरकतीचा अर्ज, सोबत दस्ताची नक्कल आणि नातेसंबंधाचा पुरावा, पैसे वाटप होण्याच्या आत. हे या आठवड्यातच करा. दावा दाखल झाला की त्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडं नोंदवा, मग उरलेल्या जमिनीचा गिऱ्हाईक 'मला माहीत नव्हतं' म्हणू शकणार नाही.

पैशाची चिंता असेल तर विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रीला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच कार्यालय आहे, फोन १५१००. शिवाय मालमत्तेच्या वादात स्त्रीला कोर्ट फी माफ करणारी राज्य सरकारची १९९४ ची अधिसूचना आहे, ती दाव्यात नमूद करायला सांगा. प्रकरण वर गेलंच तर आता मुंबई नको. १८ ऑगस्ट २०२५ पासून आपला जिल्हा उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडं आहे.

जुना_सजा

एक विसरलो. फेरफार आक्काच्या विरोधात मंजूर झालाय म्हणून हातपाय गाळू नका. फेरफारानं मालकी येत नाही आणि जातही नाही. तो नुसता शेतसारा कोणी भरायचा याचा कागद. पण प्रांत अधिकाऱ्यांकडं अपील टाकून ठेवा, उशीर माफीच्या अर्जासह.

मालदांडी

काल सोलापूरला जाऊन आलो. आक्का, मी आणि तिचा मुलगा. भूसंपादनाच्या कार्यालयात हरकतीचा अर्ज दिला, पोच मिळाली. मग कोर्टात विधी सेवेच्या कार्यालयात. फॉर्म भरला, वकीलबाई मिळाल्या. त्यांनी दस्ताचं प्रत्येक पान वाचलं आणि आक्काला कन्नडमध्ये विचारलं, तुम्हाला सही येते का? आक्का चौथी शिकलीय. तिनं पिशवीतून बँकेचं पासबुक काढलं. २०१२ चं खातं, फोटोखाली तिची सही, बचत गटाच्या वहीतही तीच. दस्तावर तिच्या नावापुढं सगळीकडं 'निशाणी डावा अंगठा'. संगणकावरचा अंगठा सगळेच देतात, पण सही करणाऱ्या बाईची सही एकाही पानावर का नाही, हे वकीलबाईंनी वहीत लिहून घेतलं आणि पासबुकाची झेरॉक्स ठेवून घेतली.

दगडी_वाडादादा, तुमचं लिहिणं मी धाकट्या भावाला वाचून दाखवलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, कर्जाचे कागद घेऊन येतो, लोकअदालतीत बसायला मी तयार आहे. थोरला अजून फोन उचलत नाही. आईला आम्ही सगळं सांगितलं. तिचाही पाचवा हिस्सा आहे हे तिला कोणीच सांगितलं नव्हतं.

वकीलपत्रावर आक्कानं सही केली. सावकाश, एकेक अक्षर. वकीलबाई कागद धरून थांबल्या होत्या. मागे रांग होती, कोणी घाई केली नाही. भावांना नोटीस सोमवारी जाईल. तारीख लागली की इथंच लिहीन.